मामा उठेपर्यंत

आमच्या सौभाग्यवतींच्या तासगावच्या मामांइतका सावकाश जेवणारा माणूस तेव्हाच्या साऱ्या सातारा जिल्ह्यात झाला नाही. वडीलधारा उठल्याशिवाय पंगतीतून कोणी उठायचं नाही, ही आपली रीत. त्यामुळे लग्नात मामांच्या पंगतीतली माणसं वाळलेले हात घेऊन बसून राहत आणि पुढची पंगत उभ्या उभ्या मामांचा उद्धार करी. मामांना त्याचं काही नसे. त्यांचं दुसरं वेड म्हणजे कोणी चार लोकांच्या भल्याचं काही काढलं की पहिलं गिऱ्हाईक हे. रात्रीची शाळा निघाली, तेव्हा चांगलं लिहिता-वाचता येत असून हे पाटी घेऊन पुढे बसले. जतकडच्या बायकांनी मिळून घोंगड्या विकायला काढल्या, तर भर वैशाखात घोंगडी पांघरून बाजारभर हिंडले. "पयला माणूस मिळंना म्हणून लय कामं अडत्यात," म्हणायचे.

महायुद्ध संपलं आणि फौजेत स्वयंपाकी असलेला शिवा गावी परतला. त्यानं होतं नव्हतं ते घालून खानावळ काढली आणि सगळ्या जातींची एकच पंगत बसेल, असं सांगून टाकलं. पहिलीच पंगत मोडली तर खानावळीला कुलूप लागणार हे दिसतच होतं. मामांनी घरोघर फिरून माणसं आणली; त्यांच्याकडे पाहुणा आलेला मीही पंगतीत होतो. माणसं मामांच्या शब्दाखातर आली, पण अंग चोरून बसली. मामांनी घास घेतला, मग सगळ्यांनी घेतला. तेवढ्यात शिवाच्याच पलटणीतला, वेशीबाहेर राहणारा एक जवान मामांच्या शेजारच्या पाटावर येऊन बसला. सगळे हात थांबले. शिवा आमटीचं भांडं घेऊन जागच्या जागी उभा राहिला.

"मामा, आवं उठा की आता," कोणीतरी पुटपुटलं.

"उठतो की. एवढी भाकरी हुंदे," मामा म्हणाले आणि त्यांनी नखाएवढा तुकडा मोडला.

उठता येईना आणि समोर आमटी तर वाफाळतेय. ऊन कललं तरी मामांची तीच भाकरी चालली होती. अखेर एकानं मान खाली घालून आमटी ओरपली. दुसऱ्यानं भाकरी मागितली. मग पलीकडून त्या जवानाला कोणी म्हणालं, "चटणी सरकव की रं हिकडं." शिवा हसत हसत डोळे पुसत होता.

परतताना मामा वाटेतल्या पारावर मटकन बसले. "जावईबापू, जरा दम घ्या. तुमच्या मामीनं भायेर खायाची बंदी घातलीया. घरनं पोटभर जेवून आलो हुतो."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शिवाच्या खानावळीत कोणाशेजारी कोण बसलंय हे आज कोणी बघत नाही. माणसं भराभर जेवतात, हात धुतात, वाटेला लागतात. ते पाहून बरं वाटतं. पण माझं जेवण आटोपलं तरी मी तिथे उगीच बसून राहतो. मामा अजून उठलेले नसतात.