पांढरीवर मी सरळ चालले होते

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नव्हते, आणि या प्रसंगानंतरही नाही. त्यामुळे "ताई, जागा बाधित असेल" अशी कमेंट कोणी लिहायला घेतली असेल तर... राहू द्या.

मी दिग्रसला शाळेत इतिहास शिकवते. सुट्टीत धाकटा भाऊ सलीम याच्या बाइकवर मागे बसून पांढरीची टेकाडं पालथी घालणं हा माझा छंद. घरच्यांच्या भाषेत वेड. पांढरी म्हणजे जुनी वस्ती गाडली गेलेली राखट माती. बोरी अरबच्या पुढे असंच एक लांबलचक टेकाड आहे. तिथे मला काळी-तांबडी खापरं, लोखंड गाळल्यावर उरणारा मळ आणि हातभर लांबीच्या विटा सापडल्या होत्या. माझं म्हणणं, इथे सातवाहनांच्या काळातलं शहर होतं. एका प्राध्यापकांनी फोटो पाहून सांगितलं, "मॅडम, फार तर खेडं असेल." म्हणू देत. मी शोधणं सोडलं नाही.

टेकाडाचा निम्मा भाग वंदना या तिथल्या शेतकरी बाईच्या शेतात येतो. तूर निघाली होती, तिने नुकतंच वखरून माती भुसभुशीत करून घेतली होती. भर दुपारी ती आणि सलीम बांधावर बाभळीखाली बसले आणि मी पलीकडच्या चिंचेकडे निघाले. सरळ, नाकासमोर.

मध्यावर गेले आणि ऊन एकदम उतरलं. आकाशात ढग नव्हता. दोन्ही बाजूंनी गारवा आला, उंच भिंतींमधल्या गल्लीत असतो तसा. कोळशाच्या धुराचा वास... आणि जवळच कुठेतरी लोखंडावर घण पडत होता. मी घाबरले नाही. खरं सांगू? आनंद झाला मला. चिंचेपाशी पोचले आणि सगळं बंद.

सलीम धावत आला, पण शेत ओलांडून नाही, बांधाबांधाने.

"बाजी, तुम्ही अशा काहून चालून राह्यल्या होत्या?"

"कशी? सरळ तर आले."

"सरळ? हाका मारून गळा सुकला माहा! जरा पुढे जायच्या, मंग वळायच्या. पुन्हा वळायच्या. एका जागी तं वाकल्या... दारातून गेल्यासारख्या."

मी हसून मागे वळले. वखरलेल्या मातीत माझ्या चपलांचे ठसे स्वच्छ उमटले होते. काटकोनात वळत, पुन्हा वळत आलेले.

वंदनाच्या सासूबाई म्हणाल्या, "नारळ फोडा, अन् त्या बाईले म्हणा, पुन्हा इकडे पाय ठेवू नका." सलीमने तर अम्मीची कसम घातली. मी दोघांचंही ऐकलं नाही. वंदनाला तिथे पाण्याची पाइपलाइन टाकायचीच होती. मी तिला म्हटलं, "नाली माझ्या ठशांना आडवी काढशील?"

"मॅडम, काही निघालं तं सरकार माही जमीन घेईन."

ही भीती खोटी नव्हती. माझ्याकडे तिला द्यायला एकच गोष्ट होती. "काही नाही निघालं, तर मी हे टेकाड सोडते. कायमचं."

ती ठशांच्या कडेकडेने एक फेरी मारून आली. मग म्हणाली, "काढू."

नाली ठशांना जिथे जिथे छेदून गेली, तिथे दोन्ही अंगांना विटांच्या भिंती निघाल्या. एकही ठसा भिंतीवर पडलेला नव्हता. आणि मी वाकले होते तिथे दगडी उंबरा होता, मधोमध झिजलेला. सलीम म्हणाला, "बाजी, चला आता." मी चप्पल काढली आणि त्या खोलगट भागात पाय ठेवला. उन्हातही तो थंड लागला.

आम्ही पुरातत्त्व खात्याला रीतसर कळवलं. माणसं आली, मोजमाप झालं, सगळं पुन्हा मातीने झाकलं. जमीन वंदनाचीच आहे. तेवढा पट्टा सोडून ती पेरते. प्राध्यापक आता "मोठी वसाहत" म्हणतात. शहर हा शब्दही मी त्यांच्याकडून वदवून घेईन.

एक डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं असेल. उन्हाने चक्कर येते हो, गाडलेल्या भिंतींचा पत्ता मिळत नाही! कोणी म्हणतं, मातीच्या रंगावरून तुमच्या नजरेने ओळखलं असेल. मग घणाचा आवाज? तो कुठून आला हे ठाऊक असल्याचं सोंग मी करणार नाही.

मी अजून जाते. त्याच वेळी, त्याच वाटेने. वंदना दर वेळी विचारते, "मॅडम, आवाज आला?"

"नाही."

"मंग?"

"मग काय... पुढच्या रविवारी येते."