पुरी बाजू ऐकणारा माणूस

अनसिंगच्या पंचक्रोशीत सभा संपवण्याचा अधिकार कुठल्याही अध्यक्षाला नव्हता. तो लाउडस्पीकरवाल्या एकाच माणसाला होता, आमच्या शेजाऱ्यांना. अध्यक्षांचा समारोप व्हायचा, आभार मानून व्हायचे, गळ्यातले हार सुकायचे, तरी लोक आपले बसून राहायचे. मग शेजारी मशीनवर एखादी विलायती रेकॉर्ड ठेवत आणि भोंग्यातून गिटारचा पहिला चरचरीत फटकारा बाहेर पडला की मांडवभर एकच उठाउठ होई. बाया पोरांना कडेवर घेत, म्हातारे चपला शोधू लागत, सतरंजीची टोकं धरायला दोघंजण न सांगता पुढे येत. लग्न असो, बारसं असो की जयंतीचा कार्यक्रम, विलायती वाजलं की घरी जायचं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त रेकॉर्ड लावणाऱ्याला. त्यांची प्रामाणिक समजूत अशी, की एवढा वेळ लोक कामात होते, आता मोकळे झाले आहेत, तर त्यांनी जरा काही चांगलं ऐकावं.

शेजाऱ्यांचा धंदा लाउडस्पीकरचा. दोन भोंगे, एक मशीन, मोटारीची एक बॅटरी आणि हे सगळं वाहणारी, कॅरिअर वाकलेली सायकल. लांबचं काम असलं तर भोंगे एसटीच्या टपावर चढवून पार मेडशीपर्यंत जात. अंगकाठी अशी, की सायकलवरून येताना समोरून नुसते दोन भोंगेच येताना दिसत. मालक आहे हे जवळ आल्यावर, खोकल्यावरून कळे. धंद्यातली त्यांची शिस्त मात्र कडक होती. माइक तपासताना 'हॅलो हॅलो' म्हणणं त्यांना हलकं वाटे. ते माइकवर एकदाच खाकरत, आणि ते खाकरणं गावातल्या बऱ्याच भाषणांपेक्षा मुद्देसूद असे. मी तेव्हा तिथल्या शाळेत मराठी शिकवत होतो. माझ्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीची संगीताला फारशी अडचण होत नव्हती.

त्या विलायती रेकॉर्डी आल्या त्यांच्या मावसभावाकडून. हा मावसभाऊ मुंबईला जाऊन बोटीवर भांडी घासायला लागला आणि पुढे स्वयंपाकी झाला. एकाहत्तर-बाहत्तरपासून तो सुटीवर आला की एक जाड पुठ्ठ्याचं खोकं घेऊन येई. परक्या बंदरांवर दुकानांच्या बाहेर ढीग लावलेले असत, त्यातून तो मिळेल ते उचलत असे. वेष्टनांवरची चित्रं पाहून आधी मला वाटलं, ही मुलांची गोष्टींची पुस्तकं आहेत. एकावर पाठीवर अख्खं चर्च घेतलेली गोगलगाय, एकावर कोबीच्या शेतात उभे राहिलेले पाच केसाळ तरुण, एकावर उलटा टांगलेला किल्ला. इंग्रजी नावं शेजाऱ्यांना वाचता येत, पण घेता येत नसत. ते आपले 'गोगलगायवाले', 'कोबीवाले' असंच म्हणत, जसं आपण तेलवाले, चुनावाले म्हणतो. या सगळ्या वेष्टनांचा एक कोपरा कापलेला असे.

"हे पाहा मास्तर, कान कापला हाये याचा," शेजारी मला दाखवत. "त्यायच्या देशात जे खपत नाही ना, त्याचा असा कोपरा कापतेत अन् बाहेर ढिगात टाकून देतेत. एवढे घाम गायून वाजवून राह्यले बिचारे, अन् त्यायच्याच गावात त्यायले कोणी पुसत नाही. मंग आपन तरी आयकाव का नाही?"

त्या कापलेल्या कोपऱ्यांना ते पुठ्ठ्याचा त्रिकोणी तुकडा जोडत. खळ लावून, वर वजन ठेवून, दोन दिवस वाळवून. तुकडा बहुधा काडेपेट्यांच्या खोक्याचा असे, त्यामुळे उलट्या किल्ल्याच्या कोपऱ्यात पंजा उगारलेला एक छापील वाघ येऊन बसला होता. पण कान पुरा झाल्याशिवाय रेकॉर्ड मशीनवर चढत नसे.

संगीताबद्दल मी काय सांगणार? आपल्याकडे गाणं तीन मिनिटांत सुरू होऊन संपतं, नायिकेचं उत्तरही त्यातच येतं. या लोकांचं एक गाणं म्हणजे रेकॉर्डची एक सबंध बाजू. आधी गिटार किंचाळे, मग ढोल असे कोसळत की पत्र्यावर कोणी ज्वारी ओततंय. गाणारा कशावर तरी भयंकर चिडलेला असे. कशावर ते बोटीवरच्या भावालाही सांगता आलं नव्हतं. आणि हा गदारोळ आता घर पाडणार असं वाटत असतानाच सगळं एकदम थांबे. एक बारीक, एकटी बासरी उरे. ती जरा वेळ कुठेतरी हिंडून आली की पुन्हा गदारोळ, आणि शेवटी म्हणे फार सुंदर काहीतरी होतं. म्हणे अशासाठी, की शेजारी सोडले तर त्या शेवटापर्यंत पोचलेला माणूस मला कधी भेटला नाही.

कारण शेजारी चहाला बोलवत आणि बसवून रेकॉर्ड लावत. चपला बाहेर, तंबाखू बाहेर, बोलायचं नाही. तलाठी पहिल्याच गदारोळात झोपले. एवढ्या आवाजात झोपणं हीही एक विद्याच, पण शेजाऱ्यांनी ती मानली नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरला हटकून एखादा पेशंट आठवे. शिंप्याचे पाय ढोलाच्या तालावर मशीन मारल्यासारखे हलू लागत; शेजारी आशेनं त्याच्याकडे पाहत, तर तो म्हणे, "भाऊ, दोन पायजामे द्याचे राह्यले बाप्पा," आणि पसार होई. उरलेल्यांना चहा उठवी. तो बासरी संपल्यावर केव्हातरी येई, आणि कप हातात आला की पिकापाण्याचं बोलणं सुरू होऊन पाहुणा तसाच उठे. मीही शाळेच्या घंटेला बांधलेला माणूस. माझीही मजल कपापर्यंतच.

चहा उशिरा येणं ही त्या घराची ख्याती होती. वहिनी, म्हणजे शेजाऱ्यांच्या पत्नी, पाहुणा दारात दिसला की आत जाऊन स्टोला पंप मारायला लागत. स्टोची भरभर सुरू होई, म्हणजे आता पाच मिनिटांत चहा असं कोणालाही वाटावं. पण पाहुणा वाळून जाई.

"अवो, चहाले इतका वेळ काहून लागते?" शेजारी ओरडत.

"लागते वेळ," आतून उत्तर येई. याच्यापलीकडे वहिनी संगीतावर, चहावर किंवा नवऱ्यावर काही बोलल्याचं मी ऐकलं नाही.

बासरी आली की मात्र शेजारी तर्जनी वर करत. सगळं घर खरोखरच गप्प होई. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येई. "पाह्यलं मास्तर?" ते कुजबुजत. "ताकद हाये या बासरीत. घर सुदिक चूप होते." मग वेष्टनावरच्या तरुणांची चौकशी सुरू होई. त्यातल्या प्रत्येकाचं पुढं काय झालं असेल हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. "हा ढोलवाला आता साळ्याच्या किराणा दुकानात बसत असन. हा लंबा, हा मास्तर झाला असन कोठीतरी, राग नका येऊ देऊ. अन् हा बासरीवाला..." इथं ते थांबत. "याचं काई समजत नाही मले."

त्यांच्या संगीताला एकदाच जाहीर दाद मिळाली आणि तिनंच त्यांचं मन मोडलं. एका इमारतीच्या उद्घाटनाला एक सभापती आले होते. इमारत लहान होती, भाषण मोठं होतं. सभापतींनी देशाच्या इतिहासाला हात घातला आणि ते मध्येच पाणी प्यायला थांबले. ते इतका वेळ प्यायले की शेजाऱ्यांना वाटलं, झालं. त्यांनी कोबीवाले लावले. सभापतींनी पेला खाली ठेवेपर्यंत मांडव रिकामा झाला होता आणि सतरंजीचं एक टोक त्यांच्या बुटाखालून ओढणं चाललं होतं. गावानं हा किस्सा वर्षभर चघळला. पुढं तर लग्नघरचे लोकच येऊन सांगू लागले, "भाऊ, पाव्हने हालून नाही राह्यले. लावा तुमचं ते."

असं पहिल्यांदा कोणी सांगितलं त्या संध्याकाळी शेजारी माझ्या ओट्यावर येऊन बसले. "आपलं संगीत म्हंजे खराटा झालं का मास्तर?" त्यांनी विचारलं. मी काहीतरी समजुतीचं बोललो. ते हसले. "मले गर्दी नाही पाह्यजे. एक मानूस. एकच. पुरी बाजू आयकनारा. तो भेटला का ह्या रेकाडी त्याच्या नावावर करून मी मोकळा."

तो माणूस शोधायला त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. पोटाचं दुखणं निघालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून घरी न्यायला सांगितलं, त्यातच सगळं आलं. बाजेवर पडल्या पडल्या ते रेकॉर्डींच्या खोक्याकडे पाहत राहत. मशीन लावू का विचारलं तर नको म्हणत. "मी गेल्यावर पोट्टे फेकाफेकी करतीन याची," ते मला म्हणाले. "पुन्यांदा ढिगातच जातीन. कान जोडून काय फायदा झाला?" वहिनी कपात पेज घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्या आत आल्या, त्यांना चमच्यानं पेज भरवली आणि कप घेऊन निघून गेल्या.

ते गेले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या शोकसभेच्या दिवशी त्यांच्याच अंगणात मांडव होता आणि त्यांचेच भोंगे होते. वंदना झाली. चार माणसं बोलली. सभापतीही आले होते, आणि पाणी न पिता दोन मिनिटांत चांगलं बोलले, हे नोंदवलं पाहिजे. वहिनी पुढं बसवल्या होत्या, पण मध्येच "बसून काय करू" म्हणत चहा मांडायला आत गेल्या. शेवटी मला वाटलं, त्यांची एक रेकॉर्ड वाजवावी. मी गोगलगायवाले काढले, जोडलेल्या कानावरून हात फिरवला आणि सुई टेकवली.

गिटारचा पहिला फटकारा निघाला आणि सगळा मांडव उठला. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पायांना सवय होती. काहींना अर्ध्यात लक्षात आलं, ते तसेच वाकून एकमेकांकडे पाहत राहिले. पण तोवर बायांनी पोरं उचलली होती, चपलांचा ढीग उपसला जात होता आणि दोघांनी सतरंजीची टोकं धरली होती. त्यातला एक डोळे पुसत होता, पण टोक सोडत नव्हता.

वहिनींना निदान एवढ्या लोकांचा चहा ठेवू नका म्हणावं, म्हणून मी आत गेलो. स्टो भरभरत होता, वर मोठं पातेलं होतं. बाहेर ढोल कोसळत होते. वहिनींनी मला पाहिलं नाही. त्या जराशी मान कलती करून बसल्या होत्या. मग हात पुढे करून त्यांनी स्टोची चावी सैल केली. हवा फुस्स करून गेली, ज्योत बसली, बाहेरचे ढोलही एकदम थांबले, घर गप्प झालं.

आणि मग बासरी सुरू झाली.

मी दाराशीच उभा राहिलो. ती संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. "स्टो भरभर करते ना," माझ्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या. "आयकू येत नाही मंग."

"दरवेळी?" मी विचारलं.

"मंग. पुना पंप मारा, पुना पेटवा. वेळ लागे."

"त्यांना कधी सांगितलं नाही वहिनी?"

"त्यायनं कधी पुसलं नाही." त्यांनी पदराच्या टोकानं पातेल्याची कड पुसली. "बाहेरच्याले पुसत. मी तं घरातलीच होती."

बाहेर पुन्हा गदारोळ उठला आणि हळूहळू निवळत गेला. शेवटी काय होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, स्वयंपाकघराच्या दाराशी. शेजारी म्हणत होते ते खरं होतं. मग रेकॉर्ड नुसतीच फिरू लागली, खर्र, खर्र. अंगणात कोणी उरलं नव्हतं. सतरंजी गुंडाळून भिंतीला उभी केलेली होती.

वहिनींनी काडी ओढली आणि स्टोला पंप मारायला घेतला.

"दुसरी बाजू लावा भाऊजी," त्या म्हणाल्या. "चहाले वेळ लागन."