चावीवाल्यांच्या उशाशी जागा फोन

आमच्या गल्लीत पँटची चेन बिघडली, उशीचा अभ्रा उसवला किंवा मुलाची उंची एकाएकी वाढली, की सगळे टेलरबाईंचं दार गाठतात. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं मशीन, भिंतीशी इस्त्रीचं टेबल आणि आतल्या खोलीत पलंग. मधल्या दाराला त्यांनी कधी पडदा लावला नाही. लोक गमतीने म्हणायचे, बाई जगाचे पडदे शिवतात आणि स्वतःच्या दाराला चिंधी नाही. बाई नुसत्या हसायच्या. मशीनवर बसल्याबसल्या मान वळवली की आतला नवरा दिसला पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं.

नवऱ्याला सगळे चावीवाले म्हणत. पाणीपुरवठ्यात ते पाणी सोडायच्या कामावर होते. जवळजवळ माणसाच्या उंचीची लोखंडी चावी सायकलला बांधून ते फिरत, रस्त्यातलं झाकण उचलत, वाकून चावी फिरवत, आणि मग त्या भागातले नळ वाहू लागत. एकदा पहाटे, एकदा संध्याकाळी. अंगात ताप असला तरी ते जात. चावीवाले झोपले तर अर्धं गाव पारोसं राहील, असं म्हटलं जायचं, आणि ते खोटं नव्हतं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांचं डोकं दगा देऊ लागलं. आधी नावं गेली, मग रस्ते गेले आणि शेवटी वेळेचा धरबंध सुटला. दुपारी डोळा लागून उठले की त्यांना कळेना, ही पहाट की संध्याकाळ. खिडकीतला करडा उजेड दोन्ही वेळी सारखाच, आणि भिंतीवरचं घड्याळ दोन्ही वेळा तेच दाखवणार. ते दचकून उठत, शर्ट चढवत, उलट्यासुलट्या चपला घालत आणि म्हणत, पाणी सुटलं नाही अजून, लोक भांडी घेऊन ताटकळत असतील. बाई मशीन सोडून धावत. कधी ते ऐकत, कधी बाईंना बाजूला सारून तडक बाहेर पडत. एकदा चौकात गुडघ्यांवर बसून ते गटाराचं झाकण बोटांनी उचकटताना सापडले. नखं सोलवटली होती आणि पाठीमागे गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी भोंगा वाजवत होतं. आमच्या गल्लीतल्या दुधवाल्याने त्यांना ओळखलं म्हणून घरी आणलं.

त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात विमा कचेरीत नोकरीला. ती सुट्टी काढून आली आणि येताना बाबांसाठी एक फोन घेऊन आली. त्या फोनचा पडदा पुरता विझतच नसे. हात लावा, न लावा, काळ्या पाटीवर मंद पांढरी अक्षरं कायम दिसत. मुलीने खटपट करून अक्षरं मोठी करून घेतली, आणि वार, दिवसाची वेळ आणि आकडे अशी त्यांची मांडणी केली. पलंगाशेजारच्या स्टुलावर लाकडी ठोकळ्याला टेकवून तिने तो उभा ठेवला, चार्जरची वायर मागून नेली.

यावरून घरात थोडी बोलाचाली झाली. जावयाचं म्हणणं, असा सतत तेवता ठेवला तर बॅटरी लवकर मरते, पडद्यावर अक्षरांचा डाग पडतो. माणूस बघत नसेल तेव्हा फोन अंधारातच असावा. शेजारच्या काकूंना विजेची काळजी. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की डाग पडला तर पडू दे, फोन काही लग्नाला उभा करायचा नाही.

आणि खरंच, फोनने काम केलं. चावीवाले दुपारी उठत, घाबरी नजर इकडेतिकडे फिरवत, आणि ती अक्षरांवर येऊन थांबे. "बुधवार. दुपार," ते मोठ्याने वाचत. "मग अजून अवकाश आहे." आणि पुन्हा आडवे होत. बाहेरच्या खोलीत बाई पाय न थांबवता मशीन चालवत राहत. बऱ्याच महिन्यांनी त्यांचं शिवण वेळेवर होऊ लागलं.

मुलीने आणखी एक सोय केली होती. फोनवर आलेला निरोपही त्याच पडद्यावर, वाराच्या खाली, मोठ्या अक्षरांत दिसे. ती रोज दुपारी कचेरीतून लिहायची, बाबा, जेवलात का? चावीवाले ते वाचून फोनकडे तोंड करून सांगत, जेवलो गं. उत्तर पोचत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढे बाईच ते उत्तर टाइप करून पाठवू लागल्या.

चावीवाल्यांना एक धाकटा भाऊ होता. बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या गावात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. बाकी जग विसरलं तरी हा भाऊ त्यांच्या डोक्यात टिकून होता. दर दोन दिवसांनी ते विचारत, धाकट्याचा फोन आला का? तो आजारी पडला, दवाखान्यात गेला, तेव्हा बाईंनी हे नवऱ्याला कळू दिलं नाही. सांगून उपयोग काय, असं त्यांना वाटलं. ते विसरणार, पुन्हा विचारणार, आणि दर वेळी घाव नवा.

मग एका सकाळी पुतण्याचा फोन बाईंच्या फोनवर आला. धाकटा गेला होता.

बाई स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड रडून घेतलं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा हा दीर शाळेत जात होता. त्याच्या शाळेच्या चड्ड्या त्यांनीच मोठ्या करून दिल्या होत्या, त्याच्या लग्नातला कोटही त्यांनीच शिवला होता. तोंड धुऊन, पदराने पुसून त्यांनी चहा केला आणि मनाशी पक्कं केलं, यांना काही सांगायचं नाही.

चहा घेऊन त्या आत गेल्या तर चावीवाले पलंगावर सरळ बसलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेली.

"धाकटा गेला," ते म्हणाले.

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांना वाटलं, आपलं फोनवरचं बोलणं यांनी ऐकलं असेल. त्या शेजारी बसल्या. चावीवाले लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले, मग दमून भिंतीला टेकले. चहा निवला होता, तो त्यांनी तसाच प्यायला. थोड्या वेळाने ते खिडकीबाहेरच्या मांजराबद्दल बोलू लागले. विसरले, बाईंना वाटलं. कप घेऊन त्या उठल्या, तोच मागून पुन्हा तोच आवाज आला, तसाच फुटलेला, जणू आत्ताच कळलंय. "अगं, धाकटा गेला."

असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा बाईंनी त्यांच्या नजरेचा माग घेतला. चष्मा लावला आणि स्टुलाशी वाकल्या. सोमवार, सकाळ, आणि त्याखाली पुतण्याचं नाव आणि त्याने सगळ्या नातेवाइकांना एकदम धाडलेला निरोप, मोठ्या अक्षरांत: बाबा आज पहाटे गेले. विझणारा फोन असता तर तो निरोप काचेआड पडून राहिला असता. इथे तो सकाळभर उशाशी जागा होता, आणि चावीवाले दर वेळी तो पहिल्यांदाच वाचत होते.

बाईंनी निरोप पुसून टाकला. दुपारपर्यंत चावीवाले विसरले, पण पुरते नाही. बातमी गेली आणि दुःख तेवढं मागे राहिलं. घास तोंडाशी नेऊन ते थांबत. काहीतरी झालंय, ते म्हणत, माझं काहीतरी गेलंय, तू सांगत नाहीस. बाई म्हणत, काही नाही हो, जेवा. दुसऱ्या दिवशी चावीवाल्यांनी फोन पालथा घातला. त्यावर काहीतरी होतं, ते म्हणाले, आता लपवतोय. पूर्वी ज्या अक्षरांवर त्यांची भीती शांत होई, त्यांच्यावरचाच त्यांचा विश्वास उडाला. पुन्हा चपलांची शोधाशोध सुरू झाली.

मुलगी आली ती स्वतःला दोष देतच. मीच हा उद्योग केला, ती म्हणाली. फोन म्हणजे घराचं दार. आपण ते सताड उघडं ठेवलं आणि वाटेल ते आत शिरलं. तिने पडदा कायमचा विझेल असं करून टाकलं. बाई मशीनवर दोरा ओवत होत्या. नंतर त्या सावकाश म्हणाल्या, "दार उघडं होतं म्हणून नाही गं रडले ते. भाऊ गेला म्हणून रडले."

तरी मुलीने फोन काळाच ठेवला. दुसऱ्या दुपारी दोघी स्वयंपाकघरात असताना चावीवाले उठले. स्टुलावर त्यांना काळी काच दिसली असणार. बाहेरचं दार वाजलं म्हणून दोघी धावल्या, तोवर ते पायऱ्यांवरून कोसळले होते. भुवईवर खोक पडली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई टाके घालत होत्या. बाईंनी नवऱ्याचा हात धरून ठेवला होता. चावीवाले छताकडे बघत, अगदी शहाण्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "मला कुणी काही सांगत का नाही? मी काय मेलोय?"

बाईंनी ते आम्हाला पुढे कितीदा तरी सांगितलं. म्हणाल्या, मी त्यांना दुःखातून वाचवत होते, असं मला वाटत होतं. आणि ते बिचारे आपल्याच घरात परके होऊन बसले होते.

टाके सुकल्यावर त्या नवऱ्याला घेऊन धाकट्याच्या गावी निघाल्या. मुलगी सोबत होती. बसमध्ये बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते रडले, मग झोपले, आणि उतरेपर्यंत विसरले. दुकानाचं शटर खाली होतं. वरच्या खोलीत शिरताच त्यांनी विचारलं, धाकटा कुठाय? जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी टेलरबाईंकडे पाहिलं. टेलरबाईंनी मान हलवली, सांग.

जाऊबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसल्या. "दादा, ते गेले," त्या म्हणाल्या. "पहाटे जाग आली, पाणी मागितलं. मी पाजलं. मग मान कलली."

चावीवाल्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"पोटभर प्यायला?"

"प्यायले. अर्धा पेला प्यायले."

"मग झालं," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हुंदका नव्हता. त्यांनी जाऊबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. नंतर बायकोकडे वळून ते म्हणाले, "मी विसरेन. विसरलो तर परत सांग. पण लपवू नकोस."

त्या घरातून परतल्यावर बाईंनी मुलीला बसवून फोनची नवी व्यवस्था लावून घेतली. पडदा पुन्हा जागा झाला, पण त्यावर आता फक्त वार आणि वेळ. निरोप म्हणून एक अक्षर दिसायचं नाही, मुलीचंसुद्धा नाही. मुलीला ते थोडं लागलं. रोजचं ते जेवलात का तिच्याही सवयीचं झालं होतं. बाईंनी तिला समजावलं की दिवस कुठला हे यंत्राने सांगावं, त्यात त्याला काही वाटत नाही आणि आपल्यालाही. पण माणसाचं बरंवाईट माणसाच्या तोंडून कळावं, समोर बसून, हात धरायला जागा असताना. तेव्हापासून मुलगी दुपारी फोन करू लागली आणि बापलेकीचं बोलणं व्हायला लागलं. बोलणं म्हणजे काय, तेच ते. पण उत्तर पोचायचं.

पुढच्या सगळ्या काळात चावीवाले विचारत, धाकट्याचा फोन आला का? बाई पाय थांबवत. सुईखाली कापड तसंच ठेवून आत जात, पलंगाच्या कडेला बसत आणि सांगत. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी जात. आम्हीही थांबायला शिकलो. कधी ते रडत. कधी म्हणत, हो, माहीत आहे मला, पाणी पिऊन गेला. ती एवढी गोष्ट कशी कोण जाणे, त्यांच्या आत रुजली होती. एका दुपारी बाई सांगता सांगता स्वतःच ढासळल्या. तोंड पुसायलाही उठवेना. चावीवाल्यांनी त्यांना जवळ ओढलं. "तुझाही तो होताच की," ते म्हणाले. "तू त्याला चड्ड्या शिवल्यास." बायकोचं नाव त्यांच्या ओठांवर येईनासं होऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते.

वर्षभराने चावीवाले गेले, घरीच, साध्या तापाने. पुतण्या परगावी कामाला लागला आणि सायकलचं दुकान विकावं लागलं, तेव्हा टेलरबाईंनी जाऊबाईंना आपल्याकडे राहायला बोलावलं. आता आतल्या पलंगावर जाऊबाई बसतात. दृष्टी चांगली आहे, म्हणून बटणं आणि काजं त्यांच्याकडे. दोघींची कुरबुर चालते, दोरा कुणी संपवला यावरून. काम मात्र दिलेल्या दिवशी मिळतं.