बधिर ओठ आणि चहाची बशी

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ऑपरेशन करून मालाडला चाळीत घरी आलो, तो गणपतीच्या आधीचा रविवार होता. खालच्या जबड्यातली गाठ काढली होती आणि तिथे झालेल्या पोकळीत माझ्याच कमरेच्या हाडाचा तुकडा भरला होता...

लोक विचारायचे, तोंड फार दुखतं का? खरं तर तोंडापेक्षा कंबर दुखायची. जिना उतरताना कठडा धरायचा आणि खोकला आला की डोळ्यांत पाणी. पण दुखणं सोसता येतं... ते कुठे आहे हे तरी कळतं.

छळलं ते बधिरपणाने. खालच्या ओठाची डावी बाजू आणि हनुवटी जणू दुसऱ्याच कुणाची. दाढी करताना कापलं, तर आरशात रक्त दिसेपर्यंत पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, "नस दुखावलीय. बहुतेक संवेदना परत येईल. नक्की सांगता येत नाही."

रेडिओ दुरुस्ती मी कुणाच्या हाताखाली न बसता शिकलेलो. तार कुठे तुटलीय ते सापडल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय. म्हणून रोज रुमालाचं टोक हनुवटीवर फिरवायचो आणि स्पर्श जिथे संपेल तिथे बॉलपेनने रेघ मारायचो. शेजारचे सावंत म्हणाले, "काय हो, नकाशा काढताय तोंडाचा?" हसलो. पण रेघ हलत नव्हती...

एकदा गरम पेज प्यायलो आणि ओठाला मोठा फोड आला. मला कळलंच नाही. तेव्हापासून नियम केला, चहा बशीत ओतून खिडकीत ठेवायचा आणि वाफ थांबली की प्यायचा. पुन्हा एकदाही भाजलं नाही. ही पद्धत मी डॉक्टरांनाही ऐटीत समजावली.

मग एका सकाळी दाढीला पाणी घ्यायला आत वळलो, तर बायको, सुमन, माझ्याच बशीला ओठ लावून उभी. आमच्याकडे नवऱ्याचं उष्टं बायको खाते, उलटं कधीच नाही. आई असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

"सुमन, माझा चहा उष्टा करतेस?"

ती दचकलीसुद्धा नाही. "तुमच्या ओठाक कळणा नाय, म्हणान माझ्या ओठाक इचारतंय."

"रोज?"

"मगे काय तुमची खिडकी थंड करता?"

तिच्या हातातून बशी घेतली आणि तिने जिथे ओठ लावला होता तिथेच लावला. उजव्या बाजूला ऊब कळली. डाव्या बाजूला काहीच नाही.

ओठ पुढे बराचसा जागा झाला, सगळा नाही. नखाएवढी जागा अजून बधिर आहे आणि तिच्यावर रेघा मारणं मी केव्हाच सोडलं... सकाळचा चहा आजही आधी सुमन पिते, मग मी.