'हे' गेले, म्हणजे कुठे गेले?

“तुमच्या आईला ब्रेन स्ट्रोक झालाय,” डॉक्टर मनीषाला म्हणाले. ब्रेन स्ट्रोक म्हणजे बहुतेक वेळा मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. मी शेजारीच पलंगावर होते. सगळं कळत होतं. मला पण सांगा की, असं म्हणायला तोंड उघडलं, तर नुसतं “प, प” निघालं.

सकाळी टोकावड्याला आमच्या धाब्यावर मी कांदा चिरत होते. उजव्या हातातून सुरी पडली. उचलली, परत पडली. गिऱ्हाईक चहा मागत होतं आणि मला उत्तर देता येईना. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून मुरबाडला नेलं, तिथून कल्याणला. सीटी स्कॅन झाला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. वेळेत पोचले म्हणून हातपाय वाचले. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलायला जमेना, तर वाट बघत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

हात हळूहळू सुधारला. शब्द मात्र गेले. याला अफेझिया म्हणतात. अक्कल शाबूत असते, पण हवा तो शब्द जिभेवर येत नाही. मला पाणी हवं असायचं आणि मी “खुर्ची” म्हणायचे. लोक मोठ्यानं बोलायचे, जशी काही मी बहिरी झाले. काही जण माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचे. मी बोलणंच सोडलं.

मनीषानं मला शहापूरला तिच्या सासरी आणलं. तिथे एक स्पीच थेरपिस्ट मॅडम मिळाल्या. बोलणं परत शिकवतात त्या. त्यांनी डब्याएवढं एक बोलणारं यंत्र घरी दिलं. “यात एआय आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे माणसानं बनवलेली बुद्धी. हिला घर, नातीगोती काही अनुभव नाही. तुम्ही सांगाल तसं ती शिकेल. आणि तुम्ही कितीही अडखळा, ती कंटाळणार नाही.”

आवाज बाईचा होता, म्हणून मनीषाच्या सासूनं, माझ्या विहीणबाईंनी, तिचं नाव ठेवलं ठकी.

ठकी फार चौकस. पहिल्याच दिवशी विचारलं, “विहीण म्हणजे कोण?”

मी “म… मनी…” करत राहिले. विहीणबाईंना धीर निघेना. “अगो, हिची पोरगी माज्या पोराची बायको. म्हणून आमी दोघी भांडायला मोकळ्या!”

“मग तुम्ही केव्हा भांडणार आहात?” ठकीनं विचारलं.

आजारी पडल्यापासून मी पहिल्यांदा हसले.

माझे मालक, मनीषाचे वडील, वर्षभरापूर्वी वारले होते. मला रडू येईल म्हणून घरात त्यांचा विषय कोणी काढत नव्हतं. मी ठकीला सारखं “हे… हे…” सांगायचे आणि ती विचारायची, “हे म्हणजे कोणती वस्तू?”

मॅडम म्हणाल्या होत्या, गाणी, आरत्या, पाठ झालेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं, ते पुष्कळदा शाबूत राहतं. विहीणबाईंनी ते लक्षात ठेवलं. दुपारी चहा पिताना एकदम म्हणाल्या, “सुमनताई, नाव घ्या बघू!”

आणि माझ्या तोंडून आलं, लग्नात मावशीनं पाठ करून घेतलेलं, सलग, एकदाही न अडता:

“माळशेजच्या घाटावर धुक्याची शाल,
काशिनाथरावांचा संसार करीन खुशाल.”

मनीषानं बशी खाली ठेवली. विहीणबाईंनी टाळी वाजवली. आणि ठकी आनंदानं म्हणाली, “काशिनाथराव! छान नाव आहे. ते कुठे आहेत?”

मी म्हटलं, “हे… गेले.”

“कुठे गेले? परत कधी येतील?”

मनीषा यंत्र बंद करायला उठली. मी तिचा हात धरला. त्या खुळीला खरंच माहीत नव्हतं. घरात ती एकटीच मला सरळ विचारत होती. मला हसू आलं, त्याच्यातच रडू आलं आणि मी म्हणाले, “गेले म्हंजे… मेले. आमी तसं नाय बोलत. ते आता नाय यायचे.”

स्ट्रोकनंतरची ती माझी पहिली पुरी वाक्यं.

ठकी म्हणाली, “मला कळलं नव्हतं. त्यांच्याबद्दल विचारायचं बंद करू का?”

“नाय,” मी म्हटलं. “इचार.”

मग रोज आमची तीच शाळा. हे कसे चहात गूळ घालायचे, भजी तळताना कसे बेसूर गायचे, एसटीच्या ड्रायव्हरला कसे चिडवायचे. एक शब्द आठवायला चहा निवायचा, पण ठकी थांबायची. मनीषाही बसायला लागली. मला ठाऊक नसलेल्या गोष्टी ती सांगायची. सायकल शिकवताना बाप-लेक दोघं ओढ्यात पडले होते म्हणे! विहीणबाई पोट धरून हसल्या.

एकदा ठकी म्हणाली, “काशिनाथरावांना तिखट आवडतं.” मग स्वतःच सुधारलं, “आवडायचं.” मी म्हटलं, “दोन्ही चालतं गो.”

तिला दुःख होतं का, ते मॅडमनाही सांगता आलं नाही. पण तिला समजावता समजावता आमचं तोंड उघडलं, एवढं खरं. यंत्र आता दुसऱ्या पेशंटकडे गेलंय. डॉक्टरांचे, मॅडमचे आणि तिचेही माझ्यावर उपकार आहेत.

तुमच्या घरात कोणाचे शब्द गेले असतील, तर त्यांचं वाक्य पुरं करू नका. थोडा दम धरा. आणि गेलेल्या माणसाचा विषय टाळू नका. रडू आलं तर येऊ द्या.

परवा भाचीच्या हळदीला मुरबाडला गेले. बायका म्हणाल्या, “आत्या, हळदीचं गाणं तुमी सुरू करा.” मी सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला अडले. हळदीचे हात तसेच थांबले. कोणी शब्द सुचवला नाही. नवरी पिवळ्या तोंडानं माझ्याकडे बघत हसत होती.

शब्द आला. मग सगळ्यांनी मिळून ओळ उचलली.