डावीकडचा एक

वेलांटीमावशींचं खरं नाव आता फक्त छापखान्याच्या हजेरीपटावर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी, अगदी कागदाचे गठ्ठे आणून टाकणाऱ्या टेम्पोवाल्यासाठीसुद्धा, त्या वेलांटीमावशीच. बत्तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्यांनी मुद्रितं तपासली होती. दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व पडलेली दिसली की दाताखाली खडा आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. आणि बसण्याचा थाट काय सांगावा! चष्मा रुमालाने पुसायचा, मूळ प्रत डाव्या हाताला, तांबडी पेन्सिल उजव्या हाताला, मग क्षणभर डोळे मिटायचे. पडदा उघडण्याआधी विंगेत उभा राहिलेला नट मिटतो तसे. त्या वाचायला लागल्या की खोलीतली कुजबुज आपोआप थांबायची.

खिळे जुळवायचा काळ त्यांनी पाहिला होता. शिशाच्या अक्षरांशी झटणारे धटिंगण जुळारी, कुणाच्या बापाला न भिणारे, पण मावशींकडून कागद परत आला की आधी तांबड्या खुणा मोजायचे आणि मग श्वास सोडायचे. ते जुळारी गेले, शिसं वितळवून विकलं गेलं, थोरले मालक गेले. धाकटे मालक आले, कॉम्प्युटर आले. मावशी तेवढ्या तिथेच होत्या.

छापखान्याचं मुख्य काम म्हणजे औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली चिठ्ठी. गोळी कधी घ्यायची, किती घ्यायची, कुणी घ्यायची नाही. मुंगीएवढी अक्षरं. कंपनीचा माणूस मंजुरीची सही करायला आला की एवढंच विचारायचा, "मावशींनी पाहिलंय ना?" त्यांनी पाहिलं असेल तर तो स्वतः वाचत बसत नसे.

गेल्या वर्षी धाकट्या मालकांनी कॉम्प्युटरचा नवा पडदा आणला. जुना चौकोनी होता, हा आडवा, चांगला दीड हात रुंद. मालकांचं म्हणणं असं की आता कागद काढायलाच नको, मूळ प्रत आणि मुद्रित दोन्ही समोरासमोर दिसतील. टाइप करणारी मुलगी, जिला सगळे टकटक म्हणत, ती हरखून गेली. तिने पडदा लागल्या लागल्या एक चिठ्ठी या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणली. मावशींनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. इतकी लांब ओळ वाचायची म्हणजे शेवटाला जाईपर्यंत सुरुवात विसरते आणि परत फिरलेली नजर भलत्याच ओळीवर उतरते, असं त्यांनी तिला समजावलं. ओळ एका दमात म्हणता येईल एवढीच हवी. मग त्यांनीच त्या पडद्याची मांडणी बसवली. मूळ प्रत डाव्या अर्ध्यात, मुद्रित उजव्या अर्ध्यात, दोन्हींच्या ओळी हातभर अंतरावर एकमेकींसमोर. टकटकने त्यात भर घातली. पडद्याला रुंदी उदंड पण उंची बेताची, म्हणून तळाशी आडवी असणारी, जिच्यावर टिचकी मारून कामं उघडतात ती चित्रांची पट्टी तिने उचलून डाव्या कडेला उभी लावली. चिठ्ठीच्या दोन ओळी जास्त दिसायला लागल्या. मावशींनी तिची पाठ थोपटली. मालकांनी बाकीच्या खोल्यांतून माणसं बोलावून ती मांडणी दाखवली.

पुढे जे झालं ते इतकं हळू झालं की कुणाच्या ध्यानात आलं नाही. पडद्यावरच्या मावशींच्या दोन्ही खिडक्या, मूळ प्रतीची आणि मुद्रिताची, उजवीकडे सरकायला लागल्या. आधी चार बोटं, मग वीतभर. डावीकडे नुसती निळी जागा मोकळी पडायला लागली.

"मावशी, अर्धं घर भाड्याने द्यायचंय का?" टकटक म्हणाली.

मान अवघडते, असं त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. उजवीकडे वळून बसल्याने मान खरंच अवघडत होती. मालकांनीही एकदा खुर्चीमागे उभं राहून जागा वाया जाते म्हणून कुरकुर केली. मावशी हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी टकटकला विचारलं, ती चित्रांची पट्टी कुठे गेली? होती तिथेच आहे, मुलगी म्हणाली. मावशींनी मान जरा वळवली, पट्टी दिसली, आणि त्या "हो की" म्हणून कामाला लागल्या.

घरीही तेच चाललं होतं. मावशी आणि त्यांची विधवा वहिनी, दोघीच राहत. चाळीस वर्षं एका चुलीवर भांडून आता दोघींना एकमेकींशिवाय करमत नव्हतं. वहिनी वाढायची, मावशी जेवून उठायच्या, आणि ताटाची डावी बाजू तशीच राहायची.

"वन्स, ताटाची वाटणी केलीत का? डावीकडचं कुणासाठी ठेवता?"

मावशींना वाटायचं, हिने मागाहून वाढलं असणार. डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटून काळानिळा झाला होता. चौकट अरुंद आहे, असं त्या सांगत. ज्या चौकटीतून जन्म गेला ती.

शेवटी उघड झालं ते पेन्सिलीमुळे. मावशी तांबडी पेन्सिल शोधत होत्या आणि ती डाव्या हाताशी, टेबलावर उघडी पडली होती. टकटकला आधी गंमत वाटली. तिने पेन्सिल हळूच उचलून मावशींच्या डाव्या गालाशी धरली, हलवली. मावशी समोर बघत शोधतच होत्या. मुलीचा चेहरा उतरला. तिने पेन्सिल उजवीकडे आणली तशी मावशी म्हणाल्या, "ही बघ, तुझ्याच हातात आहे." दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांची हनुवटी एका पांढऱ्या अर्धगोलात ठेवली. आत बारीक ठिपके चमकतील, दिसला की बटण दाबायचं. मावशींनी मन लावून दाबलं. बराच वेळ एकही ठिपका चमकला नाही तेव्हा यंत्र बिघडलं असावं असं त्यांना वाटलं. मग कागद बाहेर आला. दोन गोल, दोन डोळ्यांचे. दोन्हींची उजवी बाजू पांढरी आणि डावी काळी, शाई सांडावी तशी. जन्मभर कागदावरच्या चुका शोधणाऱ्या बाईला तो कागद कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

डोळे चांगले आहेत, डॉक्टर म्हणाले. बिघाड मागे आहे, मेंदूत. फोटो काढावा लागेल. फोटोत गाठ निघाली. शस्त्रक्रिया करावी लागणार होती. तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. अंधार होतो तेव्हा माणसाला कळतं, पण हा अंधार नसतो, असं डॉक्टरांनी समजावलं. तिथे काही नाही असंच वाटतं. ओळीचा पहिला शब्द दिसला नाही तर ओळ दुसऱ्या शब्दापासून सुरू होते असं मन धरून चालतं.

मावशींनी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

नक्की सांगता येणार नाही, पण तीन-चार महिने तरी असतील, डॉक्टर म्हणाले.

रिक्षात टकटक रडत होती. मावशी बोटांवर हिशेब करत होत्या. तीन-चार महिन्यांत त्यांच्या हाताखालून त्रेचाळीस चिठ्ठ्या गेल्या होत्या. छापून, घडी होऊन, खोक्यांत भरून दुकानांत पोचलेल्या. गाठीचं जे व्हायचं ते होईल. पण त्या त्रेचाळिसांत एखादी ओळ चुकीची गेली असली तर? त्यांनी मुलीचा हात धरला आणि मालकांना आठ दिवस काही सांगू नकोस म्हणाल्या. सांगितलं की ते घरी बसवतील, प्रेमानेच बसवतील, आणि मग ते जुने कागद कोण उघडणार? नव्या कामावर तिनेही नजर ठेवायची, आणि मावशी मागचं सगळं पुन्हा वाचणार. टकटकला ते पटलं नाही. तरी ती कबूल झाली.

तो पडदा त्याच्या स्टँडवर उभा फिरवता येतो हे टकटकला ठाऊक होतं. तिने तो फिरवला. दीड हात रुंदी आता उंची झाली, अख्खी चिठ्ठी एका नजरेत, अरुंद, सरळ. मावशींनी वायरला गुंडाळतात ती लाल चिकटपट्टी मागवली आणि पडद्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत चिकटवली. नियम एकच. ओळ संपली की लाल दिसेपर्यंत मान डावीकडे न्यायची. लाल दिसल्याशिवाय पहिलं अक्षर म्हणायचं नाही. मूळ प्रत टकटकने कागदावर काढून दिली, तिच्याही डाव्या कडेला तशीच पट्टी. एकेक ओळ आधी कागदावर, मग पडद्यावर. एरवी तासाभरात होणाऱ्या चिठ्ठीला अर्धा दिवस लागायचा. म्हणून त्यांनी आधी सगळ्या चिठ्ठ्यांतल्या फक्त आकडे असलेल्या ओळी घ्यायच्या ठरवल्या, बाकीच्या मागाहून. डोकं ठणकायचं. कपाळ टेबलावर टेकवून पाच मिनिटं पडायच्या आणि पुन्हा लाल पट्टीकडे मान वळवायच्या.

किरकोळ चुका सापडल्या. एका ठिकाणी ओळीच्या सुरुवातीचा 'व' गळला होता, एका ठिकाणी कंस. मावशींना त्याही लागल्या, पण कुणाचा जीव जाणार नव्हता. सातव्या दिवशी दुपारी सदतिसावी चिठ्ठी उघडली. अंगदुखीच्या गोळ्यांची. कागदावर ओळ होती: १८ वर्षांखालील मुलांना देऊ नये. मावशींनी पडद्यावर मान डावीकडे नेली. लाल आलं. लालला लागून आठ होता. त्यांना वाटलं आपलीच नजर अजून पोचली नाही. त्यांनी बोट पट्टीवर ठेवलं आणि उजवीकडे सरकवलं. बोटाला लागून आठच होता. ८ वर्षांखालील मुलांना देऊ नये. एक नव्हताच.

टकटक मागून बघत होती. टाइप तिनेच केलं होतं.

"तुझा हात चुकला," मावशी म्हणाल्या. "हात चुकणारच. म्हणून तर ही खुर्ची ठेवलेली असते."

त्या उठल्या आणि डाव्या हाताने भिंत चाचपत मालकांच्या खोलीत गेल्या. सगळं सांगितलं. डोळे, गाठ, सात दिवसांची चोरी आणि तो एक. मालकांनी आधी त्यांना बसवलं, पाणी दिलं. थोरल्या मालकांचं मन होतं त्यांच्यात. मग खिडकीबाहेर बघत ते हळूच म्हणाले, की चिठ्ठी कोण वाचतं मावशी? लोक डॉक्टरला विचारतात, दुकानदाराला विचारतात. पुढच्या छपाईत गुपचूप दुरुस्त करू. कंपनी हातची गेली तर इथली वीस माणसं उघड्यावर येतील.

वीस माणसांपैकी प्रत्येकाला मावशी ओळखत होत्या. त्यांनी त्या सगळ्यांचा विचार केला, खोटं कशाला सांगू, मनापासून केला. मग म्हणाल्या, "नऊ वर्षांच्या पोराची आई वाचते. चष्मा लावून, दिव्याखाली धरून वाचते. तिच्यासाठीच आपण छापतो ना?"

मालकांनी कागद पुढे ओढला आणि कंपनीला पत्र लिहिलं. टकटकने ते टाइप केलं आणि मावशींना वाचून दाखवलं, कारण आता त्या नुसत्या ऐकत होत्या. पत्रात होतं, की आमच्याकडून अनवधानाने एक चूक झाली आहे. मावशींनी हात वर केला.

"अनवधानाने काढ. अवधान होतं. नजर नव्हती, आणि ते मी तपासून घेतलं नाही. आमच्याकडून नको, मुद्रितशोधकाकडून लिही."

मालक नको म्हणाले. मावशी ऐकेनात. शेवटी त्यांनी सांगितलं तसंच पत्र गेलं, वाचायच्या राहिलेल्या चिठ्ठ्यांची यादी सोबत जोडून.

कंपनीने दुसऱ्याच दिवशी माल परत मागवला. त्या खेपेची बाराशे खोकी बाहेर पडली होती. छापखान्याचं काम महिनाभरात दुसऱ्या कुणाकडे गेलं. वीसपैकी नऊ माणसं गेली. टकटक त्यात पहिली, कारण तिने स्वतःच जायचं ठरवलं. कुणी मावशींना तोंडावर काही बोललं नाही. पण टेम्पोवाला त्यांच्या घरावरून जाताना आता हॉर्न वाजवत नसे.

शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, सगळी नाही. गेलेली बाजू परत आली नाही. वहिनी आता ताट अर्धं फिरवून ठेवते आणि त्यावरून काही म्हणत नाही. वहिनीने न बोलणं हेच मावशींना फार जड जातं.

दर शनिवारी मावशी मालकांना फोन लावतात. तब्येतीची विचारपूस होते, मग त्या विचारतात, किती आली? पहिल्या आठवड्यात साडेआठशे खोकी परत आली होती. मग अकराशे चाळीस. मग अकराशे एकोणसत्तर. त्यानंतर चार शनिवार गेले, आकडा तोच राहिला.

"मावशी, उरलेली आता यायची नाहीत," मालक परवा म्हणाले. "खपली ती. कुठूनही तक्रार आलेली नाही."

"तक्रार करायला चूक आहे हे कळावं लागतं," मावशी म्हणाल्या. "एकतीस घरं आहेत ती."

मालकांनी विचारलं, पुढच्या शनिवारी फोन कराल ना?

मावशी करीन म्हणाल्या.