पहिला तांब्या

गाणिगेर गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येई, आणि पहिला तांब्या शिवलिंगप्पा प्यायल्याशिवाय कुणी घागर भरत नसे. तीस वर्षं पंपघरावर त्यांनी पाणी तपासलं, तिथे त्यांचं कुणी ऐकलं नाही. ती कसर निवृत्तीनंतर गल्लीने भरून काढली. त्यांची बायको पार्वतव्वा काचेची नळी धरी, ते तिच्यात तपासणीच्या बाटलीतले चार थेंब टाकत. पाण्यात जंतू मारायचं औषध असलं की ते पिवळं होई. मग शिवलिंगप्पा वहीत नोंद करत, तांब्या रिचवत, मिशी पुसत आणि म्हणत, "भरा."

माघात एकदा नळीतलं पाणी नितळच राहिलं. वर गटाराचा वास. "हे पिऊ नका," म्हणून त्यांनी पाण्याच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. ऑफिसने कधी नव्हे ती तत्परता दाखवली: गल्लीचा व्हॉल्व्हच बंद केला.

सोळा दिवस गल्ली कोरडी. शेजारच्या इरव्वाकडे मुलीचं लग्न. ती जाता-येता विचारी, "अज्जा, वऱ्हाडाचे पाय धुवायला तुमचे थेंब पुरतील ना?" किराणावाल्याने हात जोडून शरणु म्हणणं सोडलं. साहेबांचा अबोला शिवलिंगप्पांनी तीस वर्षं पचवला होता, गल्लीचा पचेना.

सतराव्या दिवशी पाणी आलं. दुरुस्तीसाठी रस्ता कुठे खणलेला नव्हता, नुसता व्हॉल्व्ह उघडला होता. घागरींची रांग लागली. थेंब पडले. पार्वतव्वाच्या हातातली नळी नितळच. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी नळी काढून घेतली आणि धोतराआड धरली.

"काय म्हणतंय पाणी?" इरव्वाने विचारलं.

"पिवळं आहे."

"नीट बघा हं. नाहीतर परत कागद लिहायला बसाल."

"पिवळं म्हटलं ना. भरा."

आणि रीतीप्रमाणे ते पहिला तांब्या प्याले. "थुंका," पार्वतव्वा पुटपुटली. त्यांनी मिशी पुसली आणि वहीत 'पिवळं' लिहिलं.

दुसऱ्या दिवशीच्या लग्नात चाळीस माणसं आडवी झाली. नवरदेव अक्षता अंगावर घेऊनच परसाकडे पळाला. चौथ्या दिवशी शिवलिंगप्पा गेले. त्यांच्याच वहीतली नोंद दाखवून ऑफिसने पाणी निर्दोष ठरवलं. मग दोष बासुंदीवर गेला. म्हातारा वयाने गेला, असं गल्लीचं एकमत झालं.

आठव्या दिवशी लोक पार्वतव्वाच्या दारात उभे. "अक्का, दुःख आहेच," इरव्वा म्हणाली, "पण रीत मोडू नका. बाटली तुमच्याकडेच आहे."

पार्वतव्वा नळावर आली. स्वतःची घागर तिने आणलीच नव्हती. तिने चार थेंब टाकले, नळी उन्हात धरून बराच वेळ पाहिली. काचेपलीकडे इरव्वाचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"पिवळं आहे," ती म्हणाली आणि तांब्या इरव्वापुढे केला. "आमच्या घराची पाळी झाली. आता मान लग्नघराचा."

इरव्वाने पदर सावरला. गल्लीत असा मान तिला कुणी दिला नव्हता. तिने तांब्या शेवटपर्यंत रिकामा केला.

"भरा," पार्वतव्वा म्हणाली.